दादासाठी दोनदा भादरलेलं डोकं

हे डोकं दादासाठी दुसऱ्यांदा भादरलंय. पहिल्यांदाचा किस्सा सांगतो, चहा घ्या.

दादाला सारखा थकवा यायचा, म्हणून डॉक्टरांनी थायरॉईडसाठी त्याचं रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्ट आणायला मी गेलो. एका आकड्याखाली लाल रेघ होती. मी दुसरीत शाळा सोडलेला. लाल रेघ म्हणजे दादा जाणार, असंच मी धरलं. तडक तुळजापूरची एसटी पकडली, भवानीला केस दिले आणि घरी आलो.

दादा हातमागावर होता. मला बघून त्याचा हातच थांबला.

"कोण गेलं रं?"

मी रडत रिपोर्ट पुढं केला. तो मला घेऊन डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर म्हणाले, "आकडा जरासाच वर आहे. एवढ्यावरून आजार म्हणत नाहीत. दोन महिन्यांनी परत तपासू, मग औषधाचं ठरवू."

बाहेर येताना रिपोर्ट त्याचा आणि त्याचा हात माझ्या पाठीवर!

"एक धागा ढिला दिसला तर आपण माग मोडतो व्हय? नजर ठिवतो की. आन् देवाला नवस आदी फेडतंय का कुणी? डोकं माज्या माघारी भादरायचं असतंय, येड्या. मी हाय अजून!"

पुढची तपासणी चांगली निघाली. पेठेत तो माझे नुकते उगवलेले खुरटे केस दाखवून सांगायचा, "माजा रिपोर्ट बरा हाय, ह्याचाच बिघडलाय."

दहा दिवसांपूर्वी मोडनिंबजवळ ट्रकनं त्याला उडवलं, तेव्हापासून घरात कुणी हसलेलं नाही. काल दहाव्याला न्हाव्यानं वस्तरा लावला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "दादा, बघ की, आता तरी वेळेवर भादरतोय."