हाका

"हॅलो? …कोण, धोंडूताई? हां, मी हौसा… अगो सापडला! बाबा सापडला. बरा हाय. आधी रडू नको बघू."

रोह्याजवळच्या त्या वाडीत फोन एकच, मोरूशेटच्या दुकानात. हौसाच्या लुगड्याला अजून रानातली कुसळं चिकटलेली होती. पलीकडे जोह्याहून तिची थोरली बहीण बोलत होती.

"सकाळी बघते तर खाट रिकामी… व्हय, डोंगरात. सगळी वाडी मागं. कोण डबा वाजवतोय, कोण 'गुणाजी होऽऽ' करतोय… नाय गो, ओ देत नव्हता. आमचे हे म्हणाले, ऐकू येत नसंल. मी म्हटलं, ऐकू येतंय म्हणूनच पुढं चाललाय. त्याला तो हाका वाटतोय… अगो ऐक ना, साद घालतात ती हाक नव्हे. शिकारीतला हाका. तरणा होता तेव्हा जायचा ना तो? माणसं रांगेनं आरडत, डबे वाजवत रान उठवतात, सावज पुढं पळतं, नि पलीकडं बंदूकवाला गप बसलेला… हां, तोच. हाकेकऱ्यानं थांबायचं नसतं. मागून आरडा झाला की बाबा पुढं!"

"मग? …मग मी म्हटलं, तुम्ही आरडत राहा. नि वळसा घालून खिंडीत जाऊन बसले… एकटीच. भ्या वाटलं ना. धुकं होतं, त्यात ऊन पाझरत होतं. आवाज लांब, झोपेत येतात तसे… नि जवळच ठक… ठक… काठी बुंध्यावर. कारवीच्या झुडपांतनं बाबा आला. अंगभर पानं… ताई, किती तरणा दिसला गो!"

"मला म्हणतो, 'सावज गेलं?' …काय सांगणार? म्हटलं, गेलं. भेकर होतं, माझ्या समोरनं गेलं. म्हणतो, 'बार नाय झाला?' म्हटलं, नाय झाला बाबा… तसा मटकन खाली बसला. माझ्या खांद्यावर डोकं टेकलं."

हौसाने पदराला चिकटलेलं एक कुसळ उपटून काढलं.

"…हाय, हाय मी. महिनाभर मला 'तू कुणाची गो?' विचारत होता ना? तर म्हणतो, 'बरं झालं. हौसे, भूक लागली'… व्हय, नाव घेतलं. आता पेज पिऊन झोपलाय… तू उद्याच्या एष्टीनं ये. ओळखंल का ते नको विचारू, ताई. ये तू… हॅलो? …हॅलो?"

लाईन गेली होती.

"तुझ्या वाटचे तांदूळ टाकते," हौसा तरीही म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.