न मोजलेली मेंढरं

बयाबाई : आन् तू व्हय म्हणालास?

चांगदेव : म्हणालो.

बयाबाई : वर तोंड करून सांगतोय बघा! साहेबराव पाटील दोन एकर तुझ्या नावावर करणार, आन् बदल्यात आपण तीन वरसं त्येच्या रानात फुकट मेंढरं बसवायची?

चांगदेव : कागदापुरतं गं, आये. ऐपतीचा दाखला निघाला की जमीन परत त्येची त्येला. आपलं काय जातंय? लेंड्याच जात्यात की.

बयाबाई : लेंड्याच? मुडद्या, त्या लेंड्यांवर वाढलास तू. वडगाव रासाईपासनं खालपत्तोर भीमाकाठचं एक रान दाव, जितं आपली मेंढरं बसली न्हाईत. मेंढरं बसली की रानाला खत आन् आपल्या घरी जुंधळा. तुला रेल्वेचा पगार नव्हता तवापासनं येतोय त्यो जुंधळा.

चांगदेव : कचेरीत जुंधळा धरत न्हाईत, आये! दुसऱ्या देशाचं माणूस हितं आणायचं तर म्हणत्यात, पाच हजाराची ऐपत दावा. उद्या माझी बायकू सरकारच्या गळ्यात पडाय नगं. जमीन हाय का? न्हाई. पगार हाय का? व्हता.

बयाबाई : व्हता म्हणं. संप केलास.

चांगदेव : केला. मी एकट्यानं केला का? समद्या दौंडानं केला.

बयाबाई : मग माघारी घ्याय बोलावलं, तवा काय म्हणालास सायबाला?

चांगदेव : तुला म्हायती हाय.

बयाबाई : तुझ्या तोंडानं ऐकू दे.

चांगदेव : माफी लिवून द्या म्हणाला. म्हणलं, माफी कशाची? न्हाई लिवून दिली.

बयाबाई : न्हाई दिलीस. क्वार्टर सोडलंस, मालधक्क्यावर पोती उचलाय लागलास, पर माफी न्हाई दिलीस. तवा मी सबंध वाडीला सांगत फिरले, माझा चांगदेव हाय त्यो, म्हणून. आन् आता साहेबरावाच्या दारात जाऊन मान तुकवतोस व्हय रं?

चांगदेव : नोकरीसाठी न्हाई तुकवली. तिच्यासाठी तुकवली.

बयाबाई : बायकूसाठी म्हण की.

चांगदेव : दोन वरसं झाली, आये. रेल्वेनं आमची गँग लढाईत मोडलेलं पूल जोडाय बांगलादेशात धाडली, तवा तिच्या मावशीनं लगीन लावून दिलं. म्हणलं, जातो आन् महिन्याभरात नेतो. महिना न्हाई, दोन वरसं ती मावशीच्या पडवीत निजतीया. आन् ह्या महिन्याअखेर दाखला पुण्याला पोचला न्हाई, तर समदं पयल्यापासनं. माझ्यानं न्हाई आता पयल्यापासनं व्हायचं.

बयाबाई : लगीन लावलंस तवा इचारलंस मला?

चांगदेव : आता ते काढ परत.

बयाबाई : काढणार. दिवाळीपत्तोर बोलले नव्हते तुझ्याशी. मग फोटू दावलास. मी काय इचारलं तवा?

चांगदेव : म्हणालीस, पाय कसं हायेत? चालती का?

बयाबाई : तेवढंच इचारलं. परवा तुझा चुलता तात्याबा येऊन जात इचारत बसला, धर्म इचारत बसला. म्हणला, भावकीत पान मांडणार न्हाई तुझं. म्हणलं, नगं मांडू. खंडोबानं बानाई आणली ती काय भावकीला इचारून? म्हाळसाबी रुसली व्हती की. पर आणलीच न् त्यानं? जेजुरीला जाऊन तिच्याबी पाया पडतोस न्हवं तू, म्हणलं.

चांगदेव : मग काय म्हणाला?

बयाबाई : काय म्हणतोय! उठून गेला. पटका इसरून गेला हितंच. फोटूतली पोरगी काय करती म्हणालास तू? परत सांग.

चांगदेव : बदकं राखायची. तिकडं मेंढरं न्हाईत, समदं पानीच पानी. सांच्याला काठावर हुबी ऱ्हाऊन "चोइ चोइ" करून हाळी दिली, की पान्यातनं समदी तिच्याकडं.

बयाबाई : आन् मोजती का ती?

चांगदेव : मी इचारलं व्हतं. म्हणाली, मोजाय कशाला लागतं? एक जरी कमी आसलं तरी कळतं.

बयाबाई : मग हाय शानी. माझ्या हाताखाली नांदंल. अशी राखणारी पोर साहेबरावाच्या खोट्या जमिनीवर आणायची न्हाई मला. उद्या त्यो भर चावडीत म्हणंल, धनगराची सून माझ्या कागदावर आली. जलमभर ऐकावं लागंल तिला.

चांगदेव : आये, हळू. तलाठी भाऊसाहेब आले बघ बांधावरनं. साहेबरावानंच धाडलं आसंल.

बयाबाई : येऊ देत. मी बोलते.

तलाठी : राम राम, मावशी. चांगदेव, पाटलांचा निरोप होता, दोन एकरांची नोंद घालायची म्हणून. चौकशीही आजच उरकतो, म्हणजे तुझा दाखल्याचा अर्ज शिरूरला पुढे जाईल.

बयाबाई : नोंद नगं, भाऊसाहेब.

तलाठी : नको? मग ऐपत कशाची लिहू?

बयाबाई : ह्येंची. ही काय वाघरीच्या जाळ्यात हुबी हायेत. मेंढरं लिवता येत न्हाईत का?

तलाठी : येतात की. जंगम मालमत्ता म्हणून लिहितात. जंगम म्हणजे चालती.

बयाबाई : मग आमचं समदंच चालतं हाय. मेंढरं माझी, जामीन मी. का बाईमाणूस चालत न्हाई जामिनाला?

तलाठी : चालतं, मावशी. न चालायला काय झालं? पण अंदाजानं लिहून भागायचं नाही. मोजावी लागतील. माझ्यासमोर, आणि आकडा तुमच्या तोंडून यायला हवा. तुमचा जबाब म्हणून लिहितो मी.

चांगदेव : ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. आमच्या घरात मेंढरं मोजत न्हाईत. घाला साहेबरावाची नोंद.

बयाबाई : तू गप रं.

तलाठी : मोजत नाहीत? मग किती आहेत ते कळतं कसं?

बयाबाई : किती हायेत ते कशाला कळाय पायजे? कोण हाय आन् कोण न्हाई, ते कळतं. तोंडं वळखते मी समद्यांची. एकदाच मोजली, भाऊसाहेब. भात्तर सालच्या दुष्काळात. चारा मिळंल म्हणाले, मेंढरं किती ते सांगा. ह्याच्या बानं मोजून सांगितली. सात इसा व्हती, सात येळा वीस. चारा पोचायच्या आधी रोग पोचला. दिवाळीला दोन इसाबी ऱ्हायली न्हाईत. मालकबी त्याच साली गेला. जाताना धा येळा म्हणला, बये, मी मोजाय नगं व्हतं.

तलाठी : मावशी, रोग दुष्काळानं आला. मोजल्यानं नाही आला.

बयाबाई : तुमची गेली का मेंढरं?

तलाठी : नाही.

बयाबाई : मग तुमाला काय ठावं! भ्या वाटतंय मला. खोटं कशाला बोलू? पर भ्या वाटतंय म्हणून कुणाच्या दारात मान तुकवायची, आसं माझ्या लेकानं रेल्वेच्या सायबाम्होरं न्हाई केलं, तर मी कशी करू? चांगदेवा, वाघर सोड.

चांगदेव : आये, नगं. उद्या एक जरी मेंढरू लंगडलं, तरी तू माझ्याकडं बघशील. तिच्याकडं बघशील. म्हणशील, हिच्यापायी झालं.

बयाबाई : न्हाई म्हणणार.

चांगदेव : म्हणशील. मनात तरी म्हणशील.

बयाबाई : आरं, मी बोलते ते तोंडावर बोलते, मनात ठेवाय मला जमतं का? तुझा बाच म्हणायचा, हिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. ऐक, भाऊसाहेबांच्या म्होरं सांगते. काय इपरीत झालं तर माझ्या डोक्यावर. तिच्या न्हाई, तुझ्या न्हाई. आन् खंडोबालाबी सांगते, लेकाची बायकू घरी आणते म्हणून माझी मेंढरं मारायची आसतील तर मार. मग जेजुरीला येऊन भांडते तुझ्याशी! सोड वाघर.

(चांगदेव वाघरीच्या जाळ्याचं तोंड सोडतो. बयाबाई तिथं उभी राहते आणि एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर सोडते.)

बयाबाई : एक. ही काळतोंडी. दोन. ही तिची लेक, बांडी. तीन... आरं, ढकलू नगा, समद्यांना सोडते. चार. हिला मी हातानं दूध पाजलंय, भाऊसाहेब, आय मेली व्हती हिची...

तलाठी : मावशी, नावं नकोत. नुसता आकडा.

बयाबाई : नावासकट मोजते मी. नुसता आकडा माझ्या तोंडातनं निघायचा न्हाई. ऊन हाय, पटका बांधा डोक्याला. तात्याबाचा पडलाय हितं.

चांगदेव : पयला इसा झाला, आये.

बयाबाई : कळतंय मला. पानी दे तांब्यातलं.

चांगदेव : घे. बस की जरा.

बयाबाई : आता उद्याच बसते. चल गं खैरे, तू का मागं? चल, तुझ्या धाकल्या मालकिनीसाठी मोजतोय. चोइ चोइ!

चांगदेव : आये, ती बदकांची हाळी हाय.

बयाबाई : म्हायती हाय. शिकून ठेवते.

तलाठी : संपली का?

बयाबाई : ही शेवटची. तीन इसा आन् अठरा.

तलाठी : अठ्ठ्याहत्तर. कोकरं धरत नाहीत, ती वगळलीत ना? बरं. साठ रुपयांनी धरली तर... चार हजार सहाशे ऐंशी. मावशी, पाच हजाराला कमी पडतात.

चांगदेव : बघ! मोजलीबी, आन् पुरलीबी न्हाईत.

बयाबाई : तू रडू नगं. भाऊसाहेब, कुत्री धरता का?

तलाठी : कुत्र्यांना कोण धरतं?

बयाबाई : त्या काळ्यानं दोन लांडगं पळवलेत. बरं, ऱ्हाऊ द्या. घोडी धरता?

तलाठी : घोडी आहे?

बयाबाई : ती काय, बाभळीखाली. आमचा समदा संसार तिच्या पाठीवर आसतोय, आन् तुमाला दिसली न्हाई व्हय?

तलाठी : घोडी धरतात. दात बघू. चारशे लिहितो.

बयाबाई : पाचशे लिवा. गाभण हाय.

तलाठी : पोटातलं धरत नाहीत, मावशी.

बयाबाई : सरकारला पोटातलं काय कळंना बाई! लिवा मग चारशे. पुरतंय?

तलाठी : पुरतंय. ऐंशी वर जातात.

चांगदेव : आये...

बयाबाई : डोळं पूस, भाऊसाहेब बघत्यात. आन् जाऊन साहेबरावाला सांग, तुझी जमीन तुलाच लखलाभ. त्येच्या रानात मेंढरं बसवू, पर जुंधळा घेऊन.

तलाठी : थांब रे, जाऊ नकोस, अजून एक रकाना आहे. मावशी, कुटुंबात माणसं किती?

बयाबाई : माणसं न्हाई मोजायची.

तलाठी : अहो, मेंढरं मोजलीत, मग...

बयाबाई : मेंढरं मोजली तेवढं बास झालं. माणसं मोजणार न्हाई मी. नावं सांगते, नावं लिवा.

तलाठी : सांगा.

बयाबाई : बयाबाई. चांगदेव. पारुल.

तलाठी : ती अजून आलेली नाही, मावशी. घरात असतील त्यांचीच नावं लिहायची असतात.

बयाबाई : मग इतका येळ उनात मी कुणासाठी हुबी व्हते? लिवा तुमी.

तलाठी : बरं. लिहितो. पारुल... पुढे?

बयाबाई : पुढं काय? आमचंच की.