म्हशीनं चोरलेला पान्हा

तुम्ही हसाल, पण सांगलीहून आमच्या डेअरीत आलेल्या तपासनिसाची मी गचांडी धरली होती. दादाचं तेरावं नुकतंच झालं होतं आणि धार काढणं माझ्याकडे आलं होतं. तपासनिसानं नळीत आमच्या म्हशीचं दूध आणि ॲसिड घालून यंत्रात फिरवलं.

"पाणी न्हाई, पण फॅट लय कमी. साय काढलीस व्हय रं?"

"मेलेल्या भावाची शपथ, न्हाई!" मी ओरडलो आणि त्याला धरलं.

दुसऱ्या दिवशी तोच गोठ्यात आला. माझी धार झाल्यावर त्यानं कास चाचपली.

"म्हस पान्हा चोरतीया. लोणी शेवटच्या दुधात असतंय, ते आतच राहिलंय. आधी धार कोण काढायचं?"

"दादा," मी म्हणालो. वहिनीनं दादाचा न धुतलेला सदरा आणून दिला. तो घालून मी बसलो. म्हशीनं सदरा हुंगला, बारीक रेकली आणि पान्हा सोडला. मी हादरलोच.

त्या दुधाची फॅट बरोबर लागली. मी खुशीत वहिनीला सांगायला गेलो.

"भावजी, सदरा काढा," ती म्हणाली. "त्याला तुमच्या घामाचा वास लागंल."