पिशवीतलं वजन

बाइकचे शॉक-ॲब्सॉर्बर बदलायला आईला सोबत नेणार असाल, तर जरा तयारीने जा. मागच्या सीटवर बसून आमच्या आईची कंबर दुखायची, म्हणून मी विकास नगरच्या मेकॅनिककडून मागचे दोन्ही नवे बसवून घेतले. स्प्रिंग किती घट्ट ठेवायची ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं, म्हणून त्याने अदबीने विचारलं, "अम्मा, आपका वज़न?"

"पचपन किलो," आई म्हणाली. त्याने त्या हिशेबाने स्प्रिंग लावली.

इंदिरा नगरला घरी पोहोचेपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी मागून धप्पकन आदळली.

"तुझा मेकॅनिक कच्चा आहे," आईने निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्याने आम्हा दोघांना गाडीवर बसवलं, स्प्रिंग किती दबते ते टेपने मोजलं आणि विचारात पडला. मग आईच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघत म्हणाला, "अम्मा, लगता है थैले में कुछ सामान है."

आईने पिशवी मांडीवर घट्ट धरली. "हाँ भैया. पंद्रह किलो पकड़ के चलो."

त्याने तेवढी स्प्रिंग आवळली. येताना घर आलं तरी आई उतरायचं नाव घेईना. आम्ही तसेच पुढे हजरतगंजच्या बाजारात फिरायला गेलो.