शेपटीवाला फ्लॅश

नाही नाही, तो ठेवा खाली — हातातला, हो, तोच — तो तुमच्या कामाचा नाही. दिसायला गोंडस आहे, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो, बटण दाबलं की फटकन उजेड, बस्स. वाढदिवसाचे केक कापतानाचे फोटो काढा त्याने. तुम्हाला बाहेर, मोकळ्यावर माणसाचा चेहरा काढायचाय म्हणता ना? मग उजेड आधी कॅमेऱ्यावरून खाली उतरवायला लागतो. कॅमेरा एकीकडे, उजेड दुसरीकडे. बसा, त्या स्टुलावर बसा. दिल्लीत नवीन दिसताय — अच्छा, गुडगावला. पुण्याहून आलात. सॉफ्टवेअर, म्हणजे काय विचारायलाच नको. आणि माझा पत्ता कुणी दिला? लक्ष्मीबाई नगरच्या या मार्केटात गुडगावचा माणूस वाट चुकल्याशिवाय येत नाही हो — सुयशच्या घरून? सुयशच्या समोरचं दार तुमचं? अच्छा. मग तो फोटो पाहिलाच असणार तुम्ही. हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, सोनेरी फ्रेममधला. पाहिलाय. आणि आता तुमच्या मिसेसची पहिली संक्रांत आलीय, काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं पुण्याहून आलंय, आणि तुम्हाला तसाच — थांबा, मला बोलू द्या, मला कळलं सगळं. तसाच उजळ फोटो हवाय.

या शब्दाची मला किळस आलीय, खरं सांगतो. उजळ. सरकारी खात्यात फोटोग्राफर होतो मी, मंत्र्यांचे, धरणांचे, खतांच्या कारखान्यांचे फोटो काढले, तिथे कुणी हा शब्द काढला नाही. नोकरी सोडून हे दुकान टाकलं आणि पहिल्या दिवसापासून तेच. मुलीचा फोटो स्थळाला पाठवायचाय, मेश्रामसाहेब, जरा उजळ येईल असं बघा. शिकलेली माणसं, यार. मुलीला समोर बसवून, तिच्या देखत. आणि ती पोरगी पण मान खाली घालून ओठाला लिपस्टिक लावत असते. उजळ म्हणजे काय हो? पितळेचं भांडं चिंच लावून उजळतात. माणसाचं तोंड काय घासायचं भांडं आहे? मी आता सरळ सांगतो, चेहरा आहे तसा येईल, पटत नसेल तर पुढच्या गल्लीत जा. जातात. पुढच्या गल्लीवाला तोंडावर असा उजेड ओततो की पोरीला नाकच राहत नाही. पण खूश असतात लोक.

सुयशकडच्या त्या फोटोत काय झालंय ते ऐका, म्हणजे पैसे फुकट घालवायचे नाहीत. सुयशने तो फ्लॅश सिंगापूरहून आणला, कंपनीने पाठवलं होतं तेव्हा. त्याला पुढे एक छोटा डोळा असतो. समोरून परत किती उजेड येतोय ते तो डोळा बघतो आणि पुरे झालं की फ्लॅश बंद करतो. हुशार वस्तू आहे, पण तिला काय माहीत संक्रांत काय असते? जगात कुठे नव्या नवरीला नखशिखांत काळं नेसवत असतील? ते फक्त आपल्याकडे. संध्याकाळची वेळ, मागे अंधारलेलं लॉन, समोर काळी साडी — त्या डोळ्याला वाटलं, बापरे, उजेड पोचतच नाहीये. त्याने असेल नसेल तेवढा सगळा ओतला. साडीने तो गिळला आणि चेहरा गेला वाहून. त्यावर लॅबचं मशीन, त्यालाही काळंच दिसलं, त्याने प्रिंट आणखी फिकी काढली. हलव्याचा हार कुठे संपतो आणि गळा कुठे सुरू होतो ते कळत नाही त्या फोटोत. दोन डोळे, भांग आणि दात. तुम्हाला हे दिसलं नाही? नाही, तुमची चूक नाही. कुणालाच दिसलं नाही. अरुणाताईंनी, सुयशच्या आईने, त्याच्या कॉपी काढून पुण्याला सगळ्या नातलगांना धाडल्या.

आणि म्हणतात काय? मी समोर बसलोय, हातात चहाचा कप, आणि त्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना फोटो दाखवत म्हणतात — आमच्याकडे आली आणि उजळली हो. हसून, अगदी कौतुकाने. वाईट बाई नाही ती, मुद्दाम बोलली असती तर मी तरी काहीतरी उत्तर दिलं असतं. कप ठेवला आणि हात धुवायला उठलो. हात काही खराब झाले नव्हते. आमच्याकडे आली आणि उजळली. म्हणजे आमच्याकडे होती तेव्हा काय होती?

हो. माझी मुलगी आहे ती. लुंबिनी. तुम्हाला माहीत आहे म्हणता? चलो, मग बरंच झालं. आम्ही नागपूरकडचे, बौद्ध. आमच्यात हे हलव्याचे दागिने वगैरे नाही, पण मी एका शब्दाने बोललो नाही, तिला हौस होती, घालू दे म्हटलं, गोड वस्तू आहे, कुणाचं काय जातं. लग्न त्यांनी दोघांनी जमवलं, ऑफिसात, मी आनंदाने लावून दिलं. माझं दुखणं ते नाही. माझी मुलगी काळी आहे. गव्हाळ म्हणायचीसुद्धा सोय नाही, नीट काळी, तिच्या आईसारखी. शालिनीसारखी. शालिनी गेल्यावर माझ्याकडे तिचे फोटोच राहिले, आणि एकातही मी तिला उजळ केलेलं नाही. त्या रंगावर बाजूने उजेड दिला ना, की गालाच्या हाडावर एक बारीक रेघ चमकते. समोरून मारला की ती मरते. ती रेघ लुंबिनीला आलीय. सोफ्यावरच्या त्या फोटोत ती नाहीये. तिथे कुणीतरी परकीच बाई हसत उभी आहे.

मी का नाही काढला? बरोबर विचारलंत. मी त्या दिवशी पानिपतला होतो. इथल्या मराठी मंडळाची बस जाते ना दरवर्षी संक्रांतीला काला अंबला, त्या लढाईच्या स्मारकाला — मेश्राम, कॅमेरा घेऊन या, तुमच्याशिवाय ग्रुप फोटो कोण काढणार. गेलो. तिथे हे असलं धुकं, हात लांब केला तर बोटं दिसेनात. एका बँकवाल्याने आपला डोक्यावरचा फ्लॅश मारला, तर नुसतं धुकंच उजळलं, माणसं गायब. मी माझा फ्लॅश लांब बाजूला धरायला लावला कुणाला तरी, तर धड धरता येईना त्याला. हात खाली आणतो, तोंड फिरवून गप्पा मारतो. सवय नसते हो लोकांना. मला सवय एकाच हाताची होती.

लुंबिनी धरायची. शाळेत होती तेव्हापासून. रविवारी लोधी गार्डनमध्ये, इंडिया गेटच्या लॉनवर — कुणाचं साखरपुड्याचं जोडपं, कुणाचं बाळ — मी कॅमेऱ्यामागे आणि ती माझ्या डावीकडे, हात वर करून फ्लॅश धरून उभी. मधे ही अशी लांब वायर. तिला वायर हा शब्द पसंत नव्हता. दिल्लीत वाढलेली पोर, मराठी शब्द हरवत चाललेले, वेणीला चोटी म्हणायची, कोथिंबिरीला धनिया. पण हिचं नाव तिने मराठीत ठेवलं. शेपूट. बाबा, शेपूट पाय अडकवतंय. बाबा, आज शेपूट मोठं घ्या. मग मी तिच्यासाठी तुकड्याला तुकडा डाग देऊन लांब करून घेतली ती, म्हणजे ती पाहिजे तेवढं मागे सरकू शकेल. मोजमाप काही नाही, चेहऱ्याकडे बघायची आणि एक पाऊल मागे घ्यायची. मी बटण दाबायच्या आधी मला म्हणायची, थांबा बाबा, नाकाची सावली ओठावर पडतेय. पोरीला उजेड कळत होता हो. आणि तिच्याच फोटोला धरायला कुणी नव्हतं.

मी बोललो ना तिला. त्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच आठवड्यात गेलो, कॅमेरा घेऊनच गेलो. त्या तुमच्या सोसायटीत, नाव इटलीतल्या कुठल्याशा गावाचं आणि भिंतीपलीकडे मोहरीचं शेत. गेटवरच्या पोराने कॅमेऱ्याची बॅग उघडून तपासली. तिला म्हटलं, साडी नेस परत, खाली लॉनवर चल, नीट काढतो, तो फोटो उतरवू भिंतीवरून. तर फोटोकडे बघतसुद्धा नव्हती, कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "राहू दे ना बाबा. आईंना आवडलाय. तोच बरा आहे." तोच बरा आहे. मी बॅग उचलली आणि आलो परत. सासूचं मला काही वाटत नाही, यार, सासू बिल्कुल परकी. पण हिलाही आता तो पांढरा चेहराच बरा वाटतो? आरशात बघत असेल तेव्हा काय वाटत असेल तिला? त्या दिवसापासून मी तिकडे गेलो नाही. फोन येतो, बोलतो, तब्येत बरी आहे म्हणतो. काय जाऊन बसू त्या सोफ्यावर, त्या फोटोखाली?

तर ते असो. तुम्हाला फ्लॅश हवाय. घ्यायचाच असेल तर असा घ्या, ज्याचा जोर तुम्हाला हाताने कमीजास्त करता येईल. बाहेर ऊन असतं, मरतुकडा घेतलात तर उन्हापुढे तो दिसायचाच नाही, म्हणून जरा दमदार घ्या, पण हातात धरून दुखणार नाही इतपत. पेन्सिल सेलवर चालणारा बघा, ते सेल तुमच्या तिकडच्या पानाच्या टपरीवरही मिळतात. उजेड पसरवायच्या त्या पांढऱ्या छत्रीच्या भानगडीत पडू नका, वाऱ्याने उडते आणि लोक हसतात. आणि तो हुशार डोळा बंद करता आला पाहिजे, काळ्या साडीसमोर तर नक्कीच. पण हे सगळं तुम्ही ऐकणार नाही. तुम्ही सिंगापूरवालाच घेणार, तोंडावर मारणार, आणि तुमच्या मिसेसला — नाव काय म्हणालात, सुखदा — सुखदाला पण सोनेरी फ्रेममध्ये पांढरी करून टांगणार. अरुणाताईंनी पाठवलंय ना तुम्हाला? त्यांना सांगा, मेश्रामांकडे उजळ करायचं सामान मिळत नाही.

काय? मघापासून तोंड उघडताय आणि मिटताय, बोला एकदाचं. — अरुणाताईंनी नाही पाठवलं. बरं. सुयशनेही नाही. मग? — लुंबिनीने. काय सांगितलं तिने? नीट आठवून सांगा. तिचे शब्द सांगा, तुमचे नकोत.

काय म्हणालात? शेपटीवाला?

हा शब्द तुमच्यासमोर बोलली ती? कधी? — काल, चहाला. सगळे होते? सासूबाई होत्या तिथे? — होत्या. आणि तरी म्हणाली. पुढे? — "बाबांकडून शेपटीवालाच आणा, दुसरा नको. सुखदाच्या वेळेला तो मी धरणार."

धरणार म्हणाली.

डावीकडून, म्हणाली का? — नाही, असू दे, ते तिला सांगायला नको.

थांबा. तो शोकेसमधला राहू दे, तो दुसरा आहे. हा इथे आतल्या खिळ्यावर आहे. धरा. त्याच्या पुढच्या डोळ्यावर काळी पट्टी मीच लावलीय, ती काढू नका. शेपूट गुंडाळताना पीळ देऊ नका, आतून तुटतं. पैसे कसले काढताय, हा विकायचा नाहीच, तिचा आहे, तिच्या हातात द्या. आणि असं करा, तुमच्या मिसेसचा काढून झाला ना, की सुखदाला म्हणावं, जरा तू धर, आणि एक लुंबिनीचा काढा. कुठलीही साडी असू दे. प्रिंट माझ्याकडे आणून द्या. मी काही म्हणणार नाही, बरावाईट कसाही येऊ दे.

झालं. निघा आता, गुडगावची बस भरून येते यानंतर. नाही, आणखी काही नको मला. जाताना दाराजवळचं बटण दाबा, ती ट्यूब बंद करा. डोळ्यांवर येतेय.