नऊ जणांचं एकच रक्त

मैथिली : नाही, मशीन बिघडलेलं नाही. मुंबईच्या लॅबला मी सकाळीच विचारलं. सांधेदुखीची ही नवी गोळी सात शहरांत तपासतोय आपण. सगळीकडचे रक्ताचे आकडे हलतात, फक्त तुमच्या कोल्हापूरच्या सेंटरचे हलत नाहीत. कोऑर्डिनेटर तुम्ही आहात, सम्राट. सांगा.

सम्राट : आता मॅडम, माणसं गावाकडची. खाणंपिणं साधं. आकडं हलायचं कशाला?

मैथिली : मला शिकवू नका. दहा वर्षं असलेच रिपोर्ट तपासतेय मी. पहिल्या महिन्यात नऊ पेशंटचे नऊ वेगळे आकडे. त्यानंतर पाच महिने सगळ्यांचं क्रिएटिनिन शून्य पॉइंट नऊ. म्हणजे नऊही जणांच्या किडन्या ठणठणीत. आणि या चिमणाबाई, वय बहात्तर, हिमोग्लोबिन साडेपंधरा.

सम्राट : घरचं दूध हाय त्यांच्याकडं.

मैथिली : थट्टा करताय माझी? नऊ नळ्यांत एकाच माणसाचं रक्त आहे. कुणाचं ते सांगा, नाहीतर मी आत्ता डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाते.

सम्राट : माझं.

मैथिली : काय?

सम्राट : माझंच हाय. शिवाजी पेठेत फुटबॉल खेळतो मी, रक्ताला काय कमी न्हाय. ऐका तर. ही नवाच्या नऊ माणसं आमच्या नेसरीची, मीच आणल्याली. गुडघं धरल्यालं, चालायची मारामार. रक्त द्यायचं म्हणजे उपाशीपोटी एसटीनं दोन तास. दुसऱ्या महिन्यात ज्ञानूतात्या स्टँडवरच चक्कर येऊन पडलं, डोस्क्याला तीन टाकं. सगळ्या गावानं शिव्या घातल्या मला. म्हटलं, ऱ्हावा तुम्ही घरात, मी बघतो.

मैथिली : आणि गोळ्या?

सम्राट : गोळ्या दर रविवारी घरपोच दिल्या की. एक खाडा न्हाय.

मैथिली : शाबास. म्हणजे रक्त बघायचं नाही, गोळी मात्र चुकू द्यायची नाही. अहो, त्या गोळीनं काय होतंय ते कळावं म्हणूनच रक्त घ्यायचं होतं. इतर ठिकाणी पाचातल्या एकाची किडनी बिघडायला लागली. तिथं आकडा चढलेला दिसला, गोळी बंद केली, माणसं सावरली. तुमच्या नऊ जणांचं काय चाललंय ते देवालाच माहीत. त्याबद्दल पत्र पाठवलं होतं आम्ही. डॉक्टरांनी वाचलं नाही?

सम्राट : सर नुसती सही करत्यात. मी वाचलंतं.

मैथिली : वाचलं होतं?

सम्राट : व्हय. पण म्हटलं, आपल्याकडं सगळ्यांचं नॉर्मल येतंय. आपल्याला काय त्याचं.

मैथिली : तुमचं नॉर्मल येत होतं. तुमचं. स्वतःचेच रिपोर्ट वाचून तुम्ही निवांत झोपलात? संताप येतो हो तुमचा. एखादा चोर परवडला, त्याला निदान ठाऊक असतं आपण काय करतोय ते.

सम्राट : नोकरी जाईल न्हवं माझी?

मैथिली : नोकरी गेली खड्ड्यात. फोन लावा. नऊही जणांना, आत्ताच्या आत्ता. यापुढं एक गोळी कुणाच्या पोटात जाता कामा नये. पहिला फोन कुणाला?

सम्राट : चिमणाबाईला. सख्खी आत्ती हाय माझी. तिनंच वाढीवलंय मला.

(तो फोन लावून स्पीकर सुरू करतो.)

चिमणाबाई : बोल रं बाळा. जेवलास का?

सम्राट : आत्ती, आजची गोळी घेतलीस?

चिमणाबाई : घेतली की सकाळीच. तू दिल्यापासनं एक दिस चुकवली न्हाय.

सम्राट : बंद कर. आजपासनं हात लावू नको. आणि खरं सांग, काय तरास हुतोय का तुला?

चिमणाबाई : तरास कसला. पाय तेवढं सुजल्यात. लघवीला बी कमी हुतंय. महिना झाला असंल.

सम्राट : महिना? आणि मला सांगायचं न्हाय व्हय? तोंड शिवलंतं काय तुझं?

चिमणाबाई : वराडतोयस कशाला? सांगायचं मनात हुतं. पण दर बारीला तूच म्हणायचास की, आत्ती, तुझं रक्त एकदम चांगलं आलंय.