फर्मा चुकला!

…वय वर्षे एकोणऐंशी, असे मी त्याला स्पष्ट सांगितले! संपूर्ण नाव सांगितले, मध्ये वडिलांचे, शेवटी आडनाव, एकही अक्षर न गाळता, आणि तरी तो दारावरचा पहिलवान, छाती अशी की दोन शब्दकोश शेजारी शेजारी उभे राहावेत, मला म्हणतो कसा, “आजोबा, वयाचा काही पुरावा?” अहो, पुरावा? हा चेहरा काय मी भाड्याने आणला होता? “नियम आहे आजोबा, अठराच्या खाली सोडत नाही.” दाखविले कार्ड. तर त्याने माझा हात धरला आणि मनगटावर थाडकन शिक्का मारला. जांभळा! शेहेचाळीस वर्षे मी पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर शिक्के मारले आणि उतारवयात माझ्यावरच शिक्का! बरे, मारायचा तर सरळ तरी मारावा? तिरपा! मी तक्रार करीत नाही हं. मी फक्त विचारतो आहे.

तुम्ही म्हणाल, रविवारी दुपारी चार वाजता, सभ्य मनुष्याच्या वामकुक्षीच्या वेळी, तुम्ही क्लबच्या दारात काय करीत होता? तर तुम्हाला सांगतो, मी निकाल द्यायला गेलो होतो. माझी नात त्या क्लबमध्ये डीजे आहे. म्हणजे गात नाही. वाजवीतही नाही. दुसऱ्यांनी गायलेले आणि तिसऱ्यांनी वाजविलेले ती लावते, आणि त्यासाठी माणसे रांग लावून येतात! तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या चिरंजीवांनी, तिच्यासाठी विम्याच्या कचेरीत जागा बघून ठेवली होती, पहिल्या तारखेपासून. घरात पंधरा दिवस नुसती धुमश्चक्री. शेवटी नात म्हणाली, “आजोबांनी येऊन ऐकावं. ते म्हणाले ना, हे भंगार आहे, तर मी सोडते आणि जाते कचेरीत.” चिरंजीव लगेच माझ्याकडे वळले. “बाबा, तुम्हीच जा. तुम्ही वाचलं नाही असं एक पुस्तक नाही जगात. तुमचा शब्द शेवटचा.”

आता असे एकही पुस्तक नाही, हे मी स्वतः कधी म्हटलेले नाही. नाकारलेलेही नाही.

मी इयत्ता पाचवीतून थेट बांधणीखात्यात गेलो. छापखान्यात. तिथे मोठा कागद छापून यायचा, त्याची घडी घातली की सोळा पाने होतात. त्या सोळा पानांच्या गठ्ठ्याला म्हणतात फर्मा. असे दहा-वीस फर्मे क्रमाने लावायचे, दाभणाने भोके पाडायची, शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, झाले पुस्तक. आणि ह्या धंद्यात महापाप एकच. एका पुस्तकाचा फर्मा दुसऱ्या पुस्तकात शिवणे! वाचक आपला शांतपणे मूळव्याधीवरचे उपाय वाचतो आहे, पान उलटतो, तर समोर नायिका गच्चीत उभी! म्हणून आमच्याकडे दंडक होता की असे काही दिसले की ज्याला दिसेल त्याने हात वर करून ओरडायचे, “फर्मा चुकला!” की सगळे हात जागच्या जागी थांबले पाहिजेत. आता अशा शिस्तीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला ह्या मुलीने काय ऐकविले असेल?

आत गेलो. मला वाटले होते, काळोख, धूर, गुहा. तर फिनेलचा वास, भिंतीशी रचून ठेवलेल्या खुर्च्या आणि शंभर-दीडशे माणसे उभी. खुर्च्या आहेत आणि बसत कोणी नाही! का? मी विचारले. शेजारी हिरव्या केसांची एक मुलगी होती, केस म्हणजे अगदी ताज्या कोथिंबिरीसारखे, ती म्हणाली, “काका, बसून कसं नाचणार?” उत्तर बिनतोड होते. पण तिने माझ्यासाठी एक खुर्ची आणली. केसांवरून परीक्षा करू नये.

नात समोर उंचावर, कानावर हेडफोनची श्रवणयंत्रे, म्हणजे एका कानावर, दुसरा कान उघडा. दोन्ही कान असताना एकानेच काय ऐकत होती? मी तक्रार करीत नाही. विचारतो आहे! आणि मग सुरू झाली बासरी. सुरेख! मी डोळे मिटले. म्हटले, पोरीला जाण आहे, उगाच चिरंजीव ओरडतात… तोच खालून काहीतरी धड, धड, धड, धड, माझी कवळी स्वतंत्रपणे ताल धरू लागली. बासरी अजून चालू आहे, आणि तिच्या पोटातून पोलिसांच्या बँडचे कूचगीत बाहेर आले! बँड जरा स्थिरावतो आहे तर खलाशांचे गाणे, कुठल्या भाषेतले देव जाणे. त्यात रेडिओवरचे हवामानाचे वृत्त, ‘किनाऱ्यालगत वारे ताशी चाळीस किलोमीटर’. आणि त्या वाऱ्यावर, तुम्हाला सांगतो, एका बाईची अंगाई! पोलीस चालले आहेत, बाळ झोपते आहे, वादळ येते आहे, सगळे एकाच तालात!

माझ्याने राहवेना. सवय हो, शेहेचाळीस वर्षांची. मी खुर्चीवरून उठलो, हात वर केला आणि छातीच्या भात्यातला होता नव्हता तेवढा वारा काढून ओरडलो, “फर्मा चुकलाऽऽ!”

काय व्हायला पाहिजे होते? सगळे थांबायला पाहिजे होते. थांबले का? त्या कोथिंबिरीने दोन्ही हात वर केले आणि किंचाळली, “फर्मा चुकलाऽऽ!” मागचे चौघे ओरडले. मग भिंतीपर्यंत सगळे. नातीने वर पाहिले, मला पाहिले, फिस्सकन हसली आणि अंगाईच्या जागी ढोलांचा असा काही गडगडाट लावला की दीडशे माणसे एका दमात, हात वर, “फर्मा चुकलाऽऽ!” पुढचा तासभर गाणे बदलले की आरोळी! गाणे बदलले की आरोळी! ज्या हाकेने सारे खाते चिडीचूप व्हायचे, तिच्यावर पोरे उड्या मारीत होती. दाराशी उभी असलेली क्लबची मालकीणबाई माझ्याकडे बघून टाळ्या वाजवीत होती. मी तिला सांगायला गेलो, बाई, ही प्रशंसा नव्हे, दोषदर्शन आहे. ती म्हणाली, “दर रविवारी करा ना!”

मध्यंतरात नात मला वर घेऊन गेली. मी म्हणालो, “हे बघ बाळ, निकाल द्यायचा तर आधी पद्धत कळली पाहिजे. एका कानाने काय ऐकत असतेस?” तिने यंत्र माझ्या कानाला लावले. “येणारं गाणं, आजोबा. लोकांना ऐकू येतंय ते चालू आहे, तुमच्या कानात पुढचं. आता ह्या चकतीवर बोट ठेवा. पुढचं जरा घाईत आहे. हळू करा. अजून… अजून… आता?” आणि तुम्हाला सांगतो, दोन गाण्यांची पावले एकावर एक पडली! मला चटकन कळले. टाका! एका फर्म्याच्या घडीतून निघून पुढच्या घडीत जाणारा दोरा. पुस्तक मिटले की दिसत नाही. शिवण उत्तम होती. मान्य करतो. एकही टाका सैल नाही.

“शिवण ठीक आहे,” मी म्हणालो, “पण पुस्तके वेगळी आहेत! हे असे भलत्याला भलते जोडायला तुला शिकविले कोणी?”

तर ती कंबरेवर हात ठेवून म्हणते, “तुम्ही!”

“मी?”

“काळं पुस्तक, आजोबा.”

…आता हे मी बाहेर कोणाला सांगत नाही. छपाई संपली की एखादा फर्मा जास्तीचा उरायचा, तो रद्दीत जायचा. मी मुकादमाला विचारून घरी न्यायचो. पुस्तके घेण्याची ऐपत कुठली? त्रेचाळीस पुस्तकांचे त्रेचाळीस फर्मे झाले, तेव्हा एका रात्रीत बसून स्वतःच शिवले, काळे कापड चढविले. माझे विद्यापीठ तेवढेच. मधमाश्यांविषयी मला पाने तेहेतीस ते अठ्ठेचाळीस ठाऊक आहेत. आगबोटीच्या इंजिनाविषयी सतरा ते बत्तीस. साऱ्या घराला वाटते, बाबांनी सगळे वाचले. वाचले, पण सोळा-सोळा पाने!

“मी चार वर्षांची होते,” नात सांगू लागली, “तुम्ही वाचून दाखवायचात. राजपुत्र तटावर चढला, त्यानं पलीकडे डोकावलं आणि… ‘राणीमाशी दिवसाला दीड हजार अंडी घालते.’ मी विचारायचे, मग? मग तुम्ही पान उलटायचात आणि आगबोटीचा बाष्पक तापायचा! मला शाळेत जाईपर्यंत वाटायचं, गोष्टी अशाच असतात. शाळेतल्या गोष्टीत राजपुत्र तटावरून नुसता खाली उतरला हो. किती रडले मी!”

पाप कोणाचे आणि खापर कोणाच्या माथी! मी कान तिच्या यंत्राला लावून उभा राहिलो, निमित्त पाहिजे होते म्हणून, आणि आत जे येणारे गाणे होते ते कुठले, कुठून आले, त्याच्या पुढे ही काय जोडणार, हे जाणून घेतल्यावाचून मला राहवेना. तिने जोडली बैलगाडीच्या चाकांची करकर. छान जोडली.

नातीबरोबर घरी पोचलो तर चिरंजीव दारातच. “मग बाबा? भंगार ना?”

मी चपला काढल्या. जागेवर ठेवल्या. म्हणालो, “आज केवळ एक फर्मा ऐकला. संपूर्ण ग्रंथ ऐकल्यावाचून मत देणे मला शोभणार नाही.”

“संपूर्ण म्हणजे किती, बाबा?”

मी नातीकडे बघितले. ती म्हणाली, “ते संपत नाही, आजोबा.”

झाले. आज चौदावा रविवार. निकाल राखून ठेवला आहे. विम्याच्या कचेरीतली जागा दुसऱ्या कोणाला गेली, नात अजून क्लबमध्येच आहे, माझी रविवारची वामकुक्षी कायमची बंद झाली, आणि भिंतीशी एक खुर्ची माझ्यासाठी वेगळी काढलेली असते. पहिलवान आता वय विचारीत नाही; “या फर्मा!” म्हणतो आणि हात पुढे करायला सांगतो. मी तक्रार करीत नाही. पण चौदा रविवार झाले हो… शिक्का अजून तिरपाच मारतो!